फ्लाय बांधण्याआधी ठरवावे ते तिचे पाण्यातील स्थान

आपण वर्षभर प्रचलित नमुने पाहून फ्लाय (गळावर पिसे, केस व दोरा बांधून केलेले कीटकासारखे आमिष) बांधत आहात, त्या दिसायला चित्रातल्यासारख्या उतरतात, तरीही ट्राउट मासे जवळ येऊन परत फिरतात, आणि ज्या फ्लाय घेतल्या जातात त्यांचे हॅकल (गळाभोवती गुंडाळलेले पीस) दोन-तीन माशांतच उसवते, असे आपण लिहिले आहे. आता स्वतःच्या रचना करायच्या असतील तर खऱ्या कीटकाची नक्कल किती हुबेहूब साधावी, हा आपला मुख्य प्रश्न आहे. माझ्या मते हुबेहूबपणापासून रचनेला सुरुवात करू नये. फ्लाय पाण्यात कोणत्या पातळीवर आणि कोणत्या कोनात राहणार, हे आधी ठरवावे. त्यानंतर आकारमान, मग बाह्याकृती, मग हालचाल आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम उलटा झाला की व्हाइसमध्ये (बांधताना गळ पकडणाऱ्या शिकंज्यात) देखणी दिसणारी, पण पाण्यात निरुपयोगी ठरणारी फ्लाय तयार होते.

रचनेकडे वळण्यापूर्वी एक शंका दूर करून घ्यावी. मासा जवळ येऊन परत फिरतो याचा दोष पुष्कळदा फ्लायचा नसून तिच्या वाहण्याचा असतो. दोरी प्रवाहात ताणली गेली की फ्लाय आजूबाजूच्या फेसापेक्षा किंचित वेगाने किंवा किंचित तिरकी सरकते, आणि मोकळ्या वाहणाऱ्या कीटकांवर चरणारा ट्राउट ती ओढ लगेच ओळखतो. टिपेट, म्हणजे दोरीचे फ्लायला जोडलेले बारीक टोक, जाड असले तरी हेच घडते, कारण जाड टिपेट ताठ असते आणि लहान फ्लायला मोकळे वाहू देत नाही. टिपेटची जाडी एक्सच्या आकड्याने सांगतात; ५एक्स टिपेटचा व्यास सुमारे ०.१५ मिलिमीटर असतो आणि गळाच्या क्रमांकाला तीनने भागल्यास साधारण योग्य एक्स मिळतो, म्हणजे १५-१६ क्रमांकाच्या गळाला ५एक्स शोभते. हे तपासूनही नकार कायम राहिला, तरच फ्लाय बदलण्यात अर्थ आहे.

आता माशाला खालून काय दिसते ते पाहू, कारण ड्राय फ्लायची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायची, सगळी रचना त्यावर उभी आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे बाहेरचे सगळे जग माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसते. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल तर या खिडकीचा व्यास जेमतेम ६८ सेंटीमीटर भरतो. तो १० सेंटीमीटरवर आला तर खिडकी सुमारे २३ सेंटीमीटरची उरते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो आणि त्यात नदीच्या तळाचे प्रतिबिंब दिसते. म्हणजे वरून वाहत येणारी ड्राय फ्लाय माशाला प्रथम फ्लाय म्हणून दिसतच नाही. तिचे जे भाग पाण्याचा पडदा दाबतात, तेवढ्या जागी आरशात प्रकाशाचे ठिपके उमटतात. नंतर ती खिडकीच्या कडेशी येते तेव्हा पंखांची टोके आधी आत डोकावतात, शरीरापासून सुटी असल्यासारखी, आणि अगदी शेवटी शरीर व पंख एकत्र येतात.

यातून बांधणाऱ्याला दोन निष्कर्ष मिळतात. पहिला असा की हॅकलचे तंतू पाण्यावर जी ठिपक्यांची रचना उमटवतात, ती माशाच्या दृष्टीने फ्लायची पहिली ओळख असते, आणि ती आपल्याला व्हाइसमध्ये कधीच दिसत नाही. दुसरा असा की पृष्ठभागाच्या खाली लोंबणारा भाग मात्र आरशाच्या अलीकडे, थेट पाण्यात असतो, त्यामुळे तो लांबूनच पूर्ण दिसतो. अनेकदा मासे पृष्ठभागावर उसळताना दिसतात, आपण उभ्या पंखांची ड्राय फ्लाय टाकतो आणि ती दुर्लक्षिली जाते, याचे कारण येथे आहे: ते मासे पूर्ण उमललेला कीटक घेत नसून पृष्ठभागाला चिकटून कात टाकणारा, अर्धा आत आणि अर्धा बाहेर असलेला कीटक घेत असतात.

डच बांधणीकार हान्स व्हान क्लिंकेन यांनी १९८०च्या दशकात केलेली क्लिंकहॅमर ही रचना मी प्रत्येक नवशिक्याला अभ्यासायला सांगतो. वक्र गळावर बारीक शरीर बांधून ते पाण्याखाली उभे लोंबत ठेवायचे आणि पांढऱ्या तंतूंच्या एका खांबाभोवती हॅकल आडवे गुंडाळायचे, जेणेकरून केवळ तो आडवा चकतीसारखा भाग फ्लायला पृष्ठभागावर धरून ठेवेल. तिच्यात कीटकाचे डोळे नाहीत आणि पायांचे सांधेही नाहीत. पण ती बरोबर त्या पातळीवर आणि बरोबर त्या कोनात राहते. आपल्या पेटीत उभ्या हॅकलच्या फ्लाय भरपूर असतील आणि पृष्ठभागात रुतून बसणाऱ्या कमी असतील, तर आपल्या तक्रारीचा निम्मा उलगडा तेथेच होईल असे मला वाटते.

ड्राय फ्लाय तरंगते म्हणजे नेमके काय होते, हेही नीट समजून घ्यावे. पोलादाचा गळ पाण्यापेक्षा जड असतो. त्याला वर धरतो तो मुख्यतः पाण्याचा पृष्ठताण, आणि पृष्ठताणाचे बळ फ्लाय व पाणी यांच्या स्पर्शरेषेच्या लांबीवर अवलंबून असते. आदर्श स्थितीत दर सेंटीमीटरला सुमारे ७० मिलिग्रॅम भार तोलला जाऊ शकतो. कोंबड्याच्या मानेवरील किंवा पाठीवरील ताठ, चकचकीत पिसांचे तंतू ड्राय फ्लायला लागतात ते यासाठी: त्यांची असंख्य टोके न भिजता पडद्यावर टेकतात. कोंबडीच्या पिसांचे तंतू मऊ असतात आणि पाणी धरतात, म्हणून ते पाण्याखाली वापरायच्या वेट फ्लायला योग्य. हॅकलच्या तंतूंची लांबी गळाच्या उघड्या तोंडाच्या, म्हणजे दांडी व टोक यांच्यामधील अंतराच्या, सुमारे दीडपट असावी. त्याहून लांब तंतू घेतले की फ्लाय उंच उभी राहून कलंडते, आणि आखूड घेतले की शरीर नकळत पाण्यात बुडते. कधी कधी आपल्याला शरीर बुडवायचेच असते. अशा वेळी हॅकलचे खालचे तंतू कात्रीने सपाट छाटून टाकावेत. शरीर पडद्यावर टेकते आणि फ्लाय अधिक स्थिर राहते.

बदकाच्या शेपटीजवळील तेलग्रंथीभोवतीची पिसे, ज्यांना बांधणारे सीडीसी म्हणतात, ती वेगळ्या प्रकारे तरंगतात. त्यांच्या सूक्ष्म उपतंतूंमध्ये हवा अडकून राहते. या पिसांवर जेलसारखे तरंगद्रव्य चोळले की उपतंतू एकमेकांना चिकटतात आणि पिसाचा सारा गुण नाहीसा होतो. त्यांना टिपकागदाने कोरडे करावे आणि कोरडी सिलिका पूड लावावी. हरणाच्या केसांची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ते हलके असतात आणि दोऱ्याखाली दाबले की फुलतात. केसाचे टोक भरीव असल्याने फुलत नाही, बुंधा मात्र फुलतो, आणि शरीराच्या कोणत्या भागावरचा केस आहे यावर फुलण्याचे प्रमाण ठरते. पायाजवळचा केस जवळजवळ सरळ राहतो, म्हणून तो शेपटीला वापरावा. अंगावरचा भरपूर फुलतो, म्हणून तो कातून आकार द्यायच्या डोक्यासाठी घ्यावा. केस बांधण्यापूर्वी त्यातील मऊ लोकर बारीक फणीने पूर्ण विंचरून काढावी, कारण लोकर राहिली की दोरा केसांवर घट्ट बसत नाही आणि पंख दांडीभोवती फिरू लागतो.

पाण्याखालच्या फ्लायच्या बाबतीत स्थान ठरवणारी गोष्ट वजन ही आहे, परंतु केवळ वजन नव्हे. टंगस्टनची घनता दर घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३ आणि पितळेची सुमारे ८.५ आहे, म्हणजे तेवढ्याच आकाराचा टंगस्टनचा मणी पितळेच्या मण्यापेक्षा दुपटीहून जड भरतो. पण बुडण्याचा वेग पाण्याच्या रोधावरही अवलंबून असतो. सशाच्या केसांचे भरघोस, विस्कटलेले शरीर आणि गुळगुळीत राळेने मढवलेले सडपातळ शरीर यांचे वजन सारखे असले, तरी दुसरे फार लवकर खाली जाते. स्पेनमधून आलेली पेर्दिगोन ही निंफ (पाण्यातील अपक्व कीटक किंवा त्याची फ्लाय) याच तत्त्वावर उभी आहे: टंगस्टनचा मणी, दोऱ्याचे किंवा चकचकीत पट्टीचे अत्यंत बारीक शरीर, आणि वर अतिनील प्रकाशाने कडक होणाऱ्या राळेचा थर. वेगवान, खोल पाण्यात तळाशी थोडाच वेळ मिळत असेल तर ती योग्य आहे. संथ, उथळ पाण्यात मात्र मला हलकी, केसाळ आणि सावकाश उतरणारी निंफ जास्त विश्वासाची वाटते, कारण तेथे मासा तिला उतरताना पाहतो आणि तंतूंची थरथर त्याला आकर्षित करते. शिसे पाणपक्ष्यांसाठी विषारी आहे आणि काही देशांत मासेमारीच्या शिशाच्या वजनांवर निर्बंध आहेत, त्यामुळे शिशाची तार टाळलेली बरी. टंगस्टनचे मणी आता सर्वत्र रूढ झाले आहेत.

वजन कुठे ठेवले आहे यावर फ्लायचा कोन ठरतो. बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात बास माशांच्या मासेमारीसाठी केलेल्या मिनो या लहान माशासारख्या फ्लायमध्ये धातूचे जड डोळे दांडीच्या वरच्या बाजूला बांधलेले असतात, त्यामुळे पाण्यात फ्लाय उलटते आणि गळाचे टोक वर राहते. परिणामी ती तळाच्या दगडांत कमी अडकते आणि दोरी थांबली की नाकाने खाली झुकते, ओढली की वर उचलली जाते. केवळ डोळ्यांची जागा बदलल्याने हालचाल आणि स्थान दोन्ही साधले आहे. जिग गळावर (नेढ्याजवळ दांडी वाकवलेल्या गळावर) खाचेचा मणी बसवल्यावर हेच तत्त्व निंफला लागू होते.

आकारमान हा क्रमातला दुसरा मुद्दा. गळाचा क्रमांक जसा वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे आपल्याला माहीत असेलच. पण दोन कंपन्यांचे १४ क्रमांकाचे गळ सारखेच असतील असे गृहीत धरू नये. दांडीची लांबी आणि तोंडाची रुंदी स्वतः मोजावी आणि नदीत पकडलेल्या कीटकाशी पडताळून पाहावी. तो मोजताना शेपटी वगळून केवळ शरीराची लांबी घ्यावी. माझा अनुभव असा आहे की एक क्रमांक लहान फ्लाय मासे पुष्कळदा स्वीकारतात, एक क्रमांक मोठी मात्र सहसा नाकारतात. म्हणून शंका असेल तेव्हा लहान बांधावी. आणखी एक गोष्ट: बहुतेक सगळे नवशिके योग्य लांबीची, पण दुप्पट जाडीची फ्लाय बांधतात. खऱ्या मेफ्लाय कीटकाचे उदर विलक्षण बारीक असते. डबिंगसाठी, म्हणजे दोऱ्याभोवती पिळून शरीर करण्यासाठी, घेतलेली लोकर हातात अपुरी वाटेपर्यंत कमी करावी, आणि मग त्यातील अर्धी परत ठेवून द्यावी.

बाह्याकृतीत कीटकाच्या गटाची ओळख पुरेशी असते. मेफ्लायचे पंख सरळ वर उभे असतात, कॅडिस कीटकाचे शरीरावर उतरत्या छपरासारखे मिटलेले असतात, आणि अंडी घालून मेलेल्या मेफ्लायचे पाण्यावर आडवे पसरलेले असतात. एवढा फरक फ्लायमध्ये स्पष्ट दिसला तर शिरांचे जाळे, डोळ्यांचा रंग, पायांचे सांधे यांच्या मागे लागण्याची गरज उरत नाही. उलट असे तपशील अनेकदा हानी करतात: ते फ्लायला ताठ करतात, वजन वाढवतात आणि हालचाल मारतात. १९२२ मध्ये मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधलेली ॲडम्स ही कोणत्याही एका कीटकाची नक्कल नाही. करडे शरीर, तपकिरी आणि पांढरे-काळे पट्टे असलेल्या पिसांचे मिश्र हॅकल, ठिपकेदार पंख, एवढीच तिची सामग्री आहे. पण अनेक मेफ्लायच्या सर्वसाधारण रूपाशी ती इतकी जुळते की आजही जगभर वापरली जाते.

काय वगळावे, याचे सर्वोत्तम उदाहरण मला फ्रँक सॉयर यांच्या निंफमध्ये दिसते. ते इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार होते आणि निंफ पोहताना त्यांनी बारकाईने पाहिल्या होत्या. पोहणारी निंफ पाय अंगाला चिकटवून ठेवते, हे लक्षात आल्यावर त्यांनी आपल्या फ्लायमधून पाय काढूनच टाकले. दोऱ्याऐवजी त्यांनी तांब्याची बारीक तार वापरली, त्यामुळे वजन, बांधणी आणि शरीरातून चमकणारा तांबूस रंग ही तिन्ही कामे एकाच वस्तूने केली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे काही तंतू आणि ती तार, याखेरीज त्या फ्लायमध्ये काहीच नाही. स्वतःची रचना करताना प्रत्येक घटकाजवळ थांबून विचारावे की हा काढला तर फ्लायचे स्थान, आकृती किंवा हालचाल यांपैकी काय बिघडेल. काहीच बिघडत नसेल तर तो घटक केवळ आपल्या डोळ्यांसाठी आहे.

हालचालीसाठी सामग्रीची निवड प्रवाहाच्या वेगावर करावी. तितराचे मऊ, ठिपकेदार पीस एक किंवा दीड वेढाच गुंडाळून केलेली साधी वेट फ्लाय संथ प्रवाहातही जिवंत वाटते, कारण तिचे तंतू पाण्याच्या बारीकशा हेलकाव्याने उघडतात आणि मिटतात; तेच पीस चार वेढे गुंडाळले तर तंतू एकमेकांना आधार देऊन ताठ होतात. माराबू, म्हणजे आज मुख्यतः टर्कीची अतिशय मऊ पिसे, स्ट्रीमरच्या, म्हणजे लहान माशासारख्या फ्लायच्या, शेपटीला उत्तम, पण जोरदार प्रवाहात ती ओल्या दोरीसारखी एकत्र चिकटून राहते. अशा पाण्यात थोडे ताठ केस वापरावेत किंवा माराबूच्या मुळाशी डबिंगचा छोटा गोळा ठेवावा, म्हणजे तंतू त्यावर टेकून पसरलेले राहतात.

रंगाला मी शेवटचे स्थान देतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पाण्यात तांबडा प्रकाश लवकर शोषला जातो, त्यामुळे खोल पाण्यात लाल रंग गडद करडाच दिसतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहिलेल्या ड्राय फ्लायचा रंगही माशाला बराचसा सावलीसारखा दिसतो. फिकट-गडद हा फरक मात्र महत्त्वाचा आहे. त्यासाठी एक नियम कटाक्षाने पाळावा: डबिंगचा रंग कोरडा असताना कधीही ठरवू नये. चिमूटभर लोकर पाण्यात भिजवून, पिळून, कीटकाशेजारी ठेवून पाहावी. बहुतेक नैसर्गिक लोकर ओली झाल्यावर बरीच गडद होते आणि तिच्या आतून दोऱ्याचा रंग झिरपतो. काळ्या दोऱ्यावर फिकट पिवळी लोकर लावली तर ओली फ्लाय मळकट हिरवी दिसते, आणि दोष लोकरीचा समजून नवीन लोकर विकत घेतली जाते. फिकट शरीरासाठी फिकट दोरा, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

आता उसवणाऱ्या हॅकलकडे येतो. टिकाऊपणाचा प्रश्न जवळजवळ नेहमी दोऱ्याच्या ताणाचा असतो. सिमेंट (फ्लायला लावायचा गोंद) किंवा राळ त्यावरचा उपाय नव्हे. दोरा तुटण्याच्या थोडा अलीकडे, इतका ताण सतत ठेवता आला पाहिजे, आणि तो बिंदू कुठे आहे हे कळण्यासाठी रिकाम्या गळावर मुद्दाम दोरा तुटेपर्यंत ओढून पाहण्याचा सराव करावा. दोऱ्याच्या जाडीसाठी ६/० किंवा ८/० असे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून डेनियर पाहावे. ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. लहान फ्लायसाठी ७० आणि हरणाच्या केसांसाठी १४० डेनियर हे चांगले आरंभस्थान आहे. दोरा गळावर गुंडाळला जात असताना त्याला पीळ बसत जातो. पीळ बसलेला दोरा गोल आणि उंचवट्याचा होतो, तर पीळ काढलेला दोरा सपाट बसतो. बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन) मोकळे लोंबत सोडून, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की उजव्या हाताने बांधणाऱ्याचा दोरा सपाट होतो. शरीराचा पाया आणि डोके सपाट दोऱ्याने बांधावे. केस घट्ट आवळताना किंवा पंखाच्या मुळाशी रुतवताना पीळदार दोरा घ्यावा.

हॅकल सुटण्याची मला वारंवार दिसणारी कारणे दोन. पिसाच्या कण्याच्या मुळाशी तंतू काढून थोडा उघडा कणा ठेवला जात नाही, त्यामुळे पहिलाच वेढा तिरका जातो आणि पुढचे सगळे वेढे त्यावर घसरतात. तसेच पीस बांधल्यावर त्याचा कणा दांडीवर पुरेशा लांबीपर्यंत दोऱ्याखाली दाबला जात नाही. कणा किमान चार-पाच घट्ट वेढ्यांखाली जाऊ द्यावा. शरीरभर गुंडाळलेल्या हॅकलसाठी अल ट्रॉथ यांच्या एल्क हेअर कॅडिसमधील उपाय घ्यावा: हॅकल पुढून मागे गुंडाळायचे आणि मागे बांधलेली बारीक तार उलट दिशेने पुढे आणून प्रत्येक वेढ्यावरून कणा आवळायचा. माशाच्या दाताने एका ठिकाणी कणा तुटला तरी बाकीचे हॅकल जागेवर राहते. मोराच्या पिसाचे तंतू फार ठिसूळ असतात; ते दोऱ्याभोवती पीळ देऊन मग गुंडाळावेत, किंवा त्यांच्यावरही अशीच उलटी तार द्यावी.

डोके संपवताना जागा उरत नाही, ही तक्रार आपण केलेली नाही, पण ती असणार याची मला खात्री आहे, कारण नेढ्याजवळ गर्दी झाली की शेवटची गाठ हॅकलच्या तंतूंवर बसते आणि तीच पुढे सुटते. बांधायला बसताना नेढ्यामागे दोन नेढ्यांइतकी दांडी कोरी ठेवावी आणि शेवटच्या गाठीपर्यंत तिला हात लावू नये. उभ्या पंखांच्या ड्राय फ्लायमध्ये पुढचा एक-तृतीयांश भाग पंख आणि हॅकल यांचा, उरलेला शरीराचा. शेपटी आणि पंख दोन्ही साधारण दांडीइतके लांब. ही प्रमाणे पाठ झाली की त्यांना जाणूनबुजून मोडताही येते. गाठ मारल्यावर पातळ सिमेंटचा एक थेंब सुईच्या टोकाने डोक्यावर ठेवावा. नेढ्यात गेलेले सिमेंट तेथेच साफ करावे, नाहीतर नदीकाठी, थंड बोटांनी, मंद उजेडात टिपेट ओवताना ते आठवते.

उलटा काटा बांधण्यापूर्वीच पक्कडीने दाबून टाकावा किंवा काट्याविना मिळणारे गळ घ्यावेत. काटा दाबताना गळ तुटायचा असेल तर तो रिकामा असतानाच तुटलेला परवडतो, आणि मासा सोडायचा असल्यास त्याला कमी इजा होते. पिसे आणि केस पाळीव किंवा कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्राण्यांचेच घ्यावेत. बाहेरून आलेले प्रत्येक कातडे हवाबंद पिशवीत घालून काही दिवस गोठवणपेटीत ठेवावे, कारण एका कसरीने सगळा साठा पोखरला जातो.

नवी रचना तयार झाल्यावर तिची परीक्षा नदीवर नेण्यापूर्वीच करता येते. काचेच्या सपाट बाजूच्या मोठ्या भांड्यात पाणी भरावे, फ्लाय हलकेच पृष्ठभागावर सोडावी आणि भांड्याच्या बाजूने, खालून वर पाहावे. मघाशी सांगितलेला आरसा तेथे प्रत्यक्ष दिसतो आणि त्यावरील हॅकलचे ठिपकेही. आपण बांधलेली इमर्जर (पृष्ठभागाला चिकटून कात टाकणाऱ्या कीटकाची नक्कल) खरोखर उभी लोंबते का, की आडवी होऊन तरंगते, हे क्षणात कळते. निंफ त्याच भांड्यात सोडून ती नाकाने बुडते, शेपटीने बुडते की गोल फिरते ते पाहावे. ड्राय फ्लाय हातभर टिपेटला बांधून हवेत जोराने फिरवावी आणि मग टिपेट सैल सोडावे. त्याला पीळ बसत असेल तर पंख असमान आहेत किंवा फार रुंद आहेत, आणि अशी फ्लाय कितीही सुंदर असली तरी थोड्याच वेळात टिपेट निकामी करेल.

यानंतर एकाच रचनेच्या सहा फ्लाय सलग बांधाव्यात आणि त्यांत एकच गोष्ट बदलावी. उदाहरणार्थ निंफचे रूप तेच ठेवून दोन फ्लायमध्ये २.४, दोनमध्ये २.८ आणि दोनमध्ये ३.२ मिलिमीटरचा टंगस्टन मणी घालावा, गळ आणि शरीर सारखेच ठेवावे, आणि मण्यामागच्या दोऱ्याचा रंग प्रत्येक वजनासाठी वेगळा ठेवावा, म्हणजे पेटीत पाहताच वजन ओळखता येईल. पाण्यावर निरीक्षण करताना नकाराचे प्रकारही वेगळे करावेत. मासा हललाच नाही, तर पातळी चुकली आहे: निंफ जड करावी, किंवा ड्राय फ्लाय बाजूला ठेवून पडद्यात रुतणारी घ्यावी. मासा वर आला, फ्लायखाली क्षणभर तिच्याबरोबर मागे वाहत गेला आणि मग परतला, तर पातळी बरोबर आहे आणि आकारमान किंवा आकृती खटकते आहे. एक क्रमांक लहान आणि निम्म्या हॅकलची फ्लाय बांधावी. माशाने तोंड लावले पण तो लागला नाही, तर बहुधा गळाचे तोंड शरीराच्या जाडीने किंवा लांब तंतूंनी बुजलेले असते. तेथे शरीर बारीक करून अधिक रुंद तोंडाचा गळ घ्यावा. या तीन बदलांनंतरही नकार आला, तर मग रंगाची पेटी उघडावी.